अगरबत्तीचा वास, अय्यर आडनाव

"दादा, तुम्ही दर वेळी आम्हाला रडवायलाच का बोलावता?"

पुण्यात ताडीवाला रोडवर आमचा रविवारचा अभ्यासवर्ग चालतो. महिन्यातून एकदा पुस्तक बाजूला ठेवायचं, चित्रपट पाहायचा आणि त्यावर बोलायचं, असा आमचा रिवाज. 'फँड्री' झाला, 'सैराट' झाला, 'जय भीम' झाला. चौथ्या महिन्यात नर्सिंगला शिकणाऱ्या एका मुलीने वरचा प्रश्न विचारला आणि आमच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. तिचं म्हणणं साधं होतं. आठवडाभर वॉर्डात मरण बघायचं आणि रविवारी इथे येऊन पडद्यावर पुन्हा आपलाच माणूस मरताना बघायचा. एखादा हसवणारा सिनेमा लावा, ज्यात प्रेम असेल आणि शेवटी घरचे हो म्हणतील. आम्ही म्हटलं, तूच निवड. तिने 'अय्या' निवडला.

१२ ऑक्टोबर २०१२ ला आलेला हा हिंदी चित्रपट पुण्याच्या सचिन कुंडलकरचा. मूळ गोष्ट त्याच्याच 'गंध' या मराठी चित्रपटातली. 'गंध'च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, 'अय्या' मात्र तिकीटबारीवर आपटला. त्यातलं मराठी मध्यमवर्गीय घर आठवा. राणी मुखर्जी म्हणजे मीनाक्षी देशपांडे. वडील सतीश आळेकर, आई निर्मिती सावंत, कुत्र्यांवर जीव टाकणारा भाऊ अमेय वाघ, व्हीलचेअरवरची आजी ज्योती सुभाष. मुलगी लग्नाची झालीय, कांदेपोहे चालू आहेत. ती एका कला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला लागते आणि तिथल्या सूर्या नावाच्या तमिळ विद्यार्थ्याच्या अंगाच्या वासावर भाळते. त्याच्याबद्दल नशापाण्याची कुजबुज आहे, तो कुणाशी बोलत नाही, रंगाने सावळा आहे. ती तमिळ शिकायला लागते, त्याच्या मागे मागे हिंडते. घरच्यांनी पसंत केलेला माधव, म्हणजे सुबोध भावे, फारुख शेखच्या चित्रपटांचा भक्त आहे आणि माणूसही चांगला आहे. साखरपुड्याच्या दिवशी मुलगी गायब होते, सूर्याचा माग काढत अगरबत्तीच्या कारखान्यात पोचते आणि त्या वासाचं कोडं सुटतं. शेवटी ती सूर्यालाच घरी घेऊन येते, आणि घर त्याला स्वीकारतं.

पोरं खूप हसली. आम्हीही हसलो, ते लपवण्यात अर्थ नाही. विशेषतः मुली हसल्या. आणि त्यांच्या हसण्याला कारण होतं. बाई एखाद्या पुरुषाकडे असं उघड, हावरेपणाने बघते, स्वप्नं पाहते, त्याच्यामागे गल्लीबोळ पालथे घालते आणि चित्रपट तिला शिक्षा करत नाही, हे आपल्याकडे किती वेळा घडतं? ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिलं होतं की जात टिकते ती बेटीबंदीवर, आणि बेटीबंदी टिकवायची तर बाईच्या इच्छेवर पहारा लागतो. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह हे सगळे त्या पहाऱ्याचे प्रकार. त्या हिशोबाने देशपांड्यांच्या मुलीने पोह्यांची बशी टाकून नाकाच्या दिशेने चालू लागणं ही लहान गोष्ट नव्हे. कुंडलकरला याचं श्रेय द्यायलाच हवं.

दिवे लागल्यावर मागच्या रांगेतल्या एका पोराने विचारलं, "अय्यर म्हणजे आपल्यातले का त्यांच्यातले?"

सूर्याचं पूर्ण नाव सूर्या अय्यर. अय्यर म्हणजे तमिळ ब्राह्मण. वर्ग एकदम शांत झाला, आणि मग पुन्हा हशा झाला, पण तो वेगळा हशा होता. एक तास आम्ही ज्या वेगळ्या प्रेमावर टाळ्या वाजवल्या, त्यात वेगळं काय होतं? भाषा वेगळी, रंग वेगळा. मुलगी हपापलेली आणि मुलगा लाजरा, हेही वेगळं. पण देशपांडे आणि अय्यर. पंचांग जुळलं, सोवळं जुळलं, फक्त भाताबरोबर आमटी की सांबार एवढाच प्रश्न उरला.

यात एक गंमत आहे. तमिळनाडू हा असा प्रांत आहे जिथे पेरियारांच्या चळवळीमुळे जातीचं आडनाव लावण्याची पद्धत बरीचशी मोडली. तिथला माणूस नावाच्या आधी बापाच्या नावाचं आद्याक्षर लावतो आणि मोकळा होतो. म्हणजे तमिळ नायक घेतला तर त्याला आडनावच न देण्याची सोय तिथल्या चळवळीने करून ठेवलेली होती. तरी पटकथेने त्याला आडनाव दिलं आणि दिलं ते अय्यर. हे कुणी कट करून केलं असं आम्ही म्हणत नाही. बहुधा कुणाच्या मनातही आलं नसेल, आणि आमची तक्रार नेमकी तीच आहे. तमिळ म्हटल्यावर अय्यर सुचतं, मराठी म्हटल्यावर देशपांडे सुचतं. मुलगी घरच्यांची पसंती मोडते, भाषेची भिंत ओलांडते, लाज सोडते, आणि फक्त नाकाच्या भरवशावर चालत चालत बरोब्बर ब्राह्मणाच्याच दारात पोचते. नाकाला जात कशी कळली?

आता वासाबद्दल बोलू, कारण हा चित्रपटच वासाचा आहे. जातीला डोळ्यांनी ओळखणं अवघड जातं. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर नसेल, आडनाव कळलं नसेल, तर समोरचा माणूस गोंधळतो. मग वास कामाला येतो. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी या शहरात खोली शोधताना 'वास येतो' हे दोन शब्द ऐकले आहेत. "नॉनव्हेज चालणार नाही, वरच्या मजल्यावर वास जातो." "तुमच्याकडे पाहुणे फार येतील का?" नंतर आडनाव विचारलं जातं. मग खोली कालच गेलेली असते. सुकट भाजल्याचा वास कोकणातल्या उच्चवर्णीय मत्स्याहारी घरातही तोच असतो, पण त्याला खवय्येगिरी म्हणतात. सकाळी आपल्या घरातला कचरा ढकलगाडीवर घेऊन जाणारी बाई बहुतेक वेळा आपल्यातली असते. कचरा सोसायटीचा, वास मात्र तिचा ठरतो.

सूर्याच्या अंगाला वास कसला आहे? अगरबत्तीचा. देवघराचा वास. चित्रपटभर आपल्याला वाटत राहतं की या माणसाच्या अंगात काहीतरी रानटी, निषिद्ध, नशेचं आहे, आणि शेवटी कळतं की तो तर पूजेचा सुगंध आहे. त्याच्याबद्दलच्या सगळ्या कुजबुजी त्या एका धुरात धुऊन निघतात. देशपांड्यांना असा जावई न स्वीकारायला अडचणच काय होती? आता याच पटकथेत एवढंच बदला. मुलगी वासामागे चालत जाते आणि पोचते धारावीतल्या कातड्याच्या कारखान्यात. किंवा महापालिकेच्या झाडू खात्याच्या कोठीवर. किंवा मासळी बाजारात, जिथे मुलगा आईच्या शेजारी बसून हलवा कापतोय. आळेकर आणि निर्मिती सावंत तेव्हाही दारात ओवाळायला उभे राहतील? राहावेत असंच आम्हाला वाटतं. पण ती पटकथा अजून कुणी लिहिलेली नाही.

कुंडलकरला विटाळ माहीत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. 'गंध'मधली शेवटची गोष्ट आहे 'बाजूला बसलेली बाई'. कोकणातलं घर, पाऊस, आणि पाळी आली म्हणून बाजूला बसवलेली नीना कुळकर्णी. तिला कशाला हात लावायचा नाही, घरात वावरायचं नाही. घरात काय चाललंय ते तिच्यापर्यंत पोचतं ते वासातून. फार चांगली गोष्ट आहे, ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जरूर पाहावी. घराच्या आतली अस्पृश्यता इतक्या नेमकेपणाने पाहणारा लेखक घराबाहेरच्या अस्पृश्यतेपाशी आला की नजर वळवतो, असा याचा अर्थ लावावा का? आमच्यात यावर मतभेद आहेत. काहींचं म्हणणं, लेखकाने स्वतःच्या घराबद्दल लिहिलं तर ते प्रामाणिकच आहे. आमचं म्हणणं, प्रामाणिक आहे, पण त्या घरात आमचा पाय पडतच नाही हेही त्या प्रामाणिकपणातूनच दिसतं.

'अय्या' आला त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते. १ जानेवारी २०१३. नगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातल्या सोनईत मेहतर समाजातल्या तीन तरुणांना सेप्टिक टँक साफ करायचा आहे म्हणून वस्तीवर बोलावून घेतलं आणि ठार मारलं. त्यातल्या एकाचं सवर्ण घरातल्या मुलीवर प्रेम होतं. एकाचा मृतदेह सेप्टिक टँकमध्येच सापडला. २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. याच जिल्ह्यात २०१४ च्या एप्रिलमध्ये खर्ड्यात शाळकरी पोराचं काय केलं ते तुम्हाला माहीत आहे, आणि तिथल्या आरोपींची २०१७ मध्ये सुटका झाली हेही माहीत आहे. 'अय्या'च्या माथी सोनई मारण्याचा आमचा हेतू नाही. पण एकाच हिवाळ्यात एकाच राज्यात प्रेमाला दोन वास होते, एक अगरबत्तीचा आणि एक सेप्टिक टँकचा, आणि पहिल्याच वासाची कौटुंबिक कॉमेडी होऊ शकते.

नर्सिंगच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे सापडतं. आम्ही तिला रडवायला बोलावत नव्हतो. आमच्या हातात रडवणारेच चित्रपट होते. मराठी मनात दलित जावई आला की नाटकाचा प्रकारच बदलतो. १९८३ चं तेंडुलकरांचं 'कन्यादान' घ्या. समाजवादी आमदार, पुरोगामी घर, मुलगी म्हणते मला अरुण आठवलेशी लग्न करायचंय, बाप आनंदाने हो म्हणतो. स्वीकार तर पहिल्या अंकातच झाला! पण हा जावई बायकोला मारणारा निघतो, आणि प्रेक्षक घरी जाताना बापासाठी हळहळतो. त्या नाटकाला पुढे सरस्वती सन्मान मिळाला. दलित पुरुष बायकोला मारत नाहीत असा आमचा दावा नाही, आमच्या वस्तीतल्या बायका आम्हाला तो करूही देणार नाहीत. आमचा मुद्दा एवढाच की मुलीने तमिळ ब्राह्मण आणला तर विनोद होतो आणि दलित कवी आणला तर बापाची शोकांतिका होते. 'सैराट'चा पहिला अर्धा भाग आठवा. विहीर, क्रिकेट, लंगड्या आणि सल्याची चेष्टामस्करी. मराठी पडद्यावर त्याहून मोकळं हसू आम्ही पाहिलेलं नाही. नागराज मंजुळेला कॉमेडी येत नव्हती असं कोण म्हणेल? त्याला खरं सांगायचं होतं म्हणून शेवट तसा करावा लागला.

अलीकडचे हिंदी 'स्वीकाराचे' चित्रपट पाहिले तरी हिशोब तोच. 'टू स्टेट्स'मध्ये मल्होत्रा आणि स्वामिनाथन. 'शुभ मंगल ज्यादा सावधान' २०२० चा, समलिंगी प्रेमाचा, आणि घर अलाहाबादच्या त्रिपाठींचं. 'बधाई दो'मध्ये ठाकूर आणि सिंग. आमच्या पुण्यात २०११ पासून प्राइड यात्रा निघते, त्यात आमची पोरं चालतात, ३७७ चा निकाल आला तेव्हा आम्हीही पेढे वाटले. हे चित्रपट आले याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्रिपाठींचा मुलगा मुलाला घेऊन घरी येऊ शकतो, आणि कांबळ्यांच्या मुलीला घेऊन घरी आला तर काय होईल याची कॉमेडी निघत नाही, हे लक्षात ठेवून टाळी वाजवावी.

नीरज घायवानने दोनदा हे दार उघडून दाखवलं. 'गीली पुच्ची'त भारती मंडल आणि प्रिया शर्मा, दोन बायका, एकमेकींकडे ओढल्या जातात. दोघी बाई असणं आड येत नाही, जात कळल्यावर चहाचा कप मात्र बदलतो. 'मेड इन हेवन'च्या दुसऱ्या पर्वात राधिका आपटे पल्लवी मेनके होते. शिकलेली, नाव कमावलेली. नवरा मुलगा उदार, त्याच्या घरचेही उदार. तिने म्हटलं लग्न बौद्ध पद्धतीनेही करू, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू आटलं. सून चालेल, सुनेचा बुद्ध नको. पांढऱ्या साडीतली ती नवरी पडद्यावर आली त्या रात्री वस्तीत फोन वाजत होते, ते आम्ही विसरलेलो नाही. पण दोन्ही ठिकाणी हसायला जागा नाही. खिंडीत उभ्या माणसाला विनोद सुचत नाही, हेही खरं.

इथवर आलो की टाळ्या मिळतात, म्हणून इथेच थांबायचं नाही. स्वीकाराचा प्रश्न आपल्याही घरात आहे. १५ एप्रिल १९४८ ला बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केलं. त्या सारस्वत ब्राह्मण. जातिनिर्मूलनाचा खरा उपाय आंतरजातीय विवाह आहे हे १९३६ मध्ये लिहिणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात ते केलं. आणि १९५६ नंतर आपण माईसाहेबांचं काय केलं? संशय घेतला, बाजूला बसवलं. होय, बाजूला बसलेली बाई. पुढे पँथरच्या तरुणांनी त्यांना पुन्हा लोकांत आणलं, पण मधली वर्षं गेली ती गेलीच. सेनापती बापट रस्त्यावर सिम्बायोसिसच्या संग्रहालयात बाबासाहेबांच्या ज्या वस्तू आपण १४ एप्रिलला रांग लावून पाहतो, त्या माईसाहेबांनी दिलेल्या आहेत. किती जण त्या काचेसमोर तिचं नाव घेतात?

आणि आजचं बोला. बौद्ध घरातल्या मुलीने मातंग मुलगा आणला तर विहाराच्या समितीत काय कुजबुज होते, ते आम्ही ऐकलं आहे. उलट बाजूनेही ऐकलं आहे. आमच्याच वर्गातल्या एका पोराने घरी सांगितलं की त्याला मुली आवडत नाहीत. बाप चळवळीतला, विहारात वंदना चुकवत नाही. बाप म्हणाला, लग्न लावून देऊ, आपोआप ठीक होईल. त्या मुलीचं काय ठीक होणार, हे बापाने विचारलं नाही. पोराने सहा महिने घर सोडलं होतं. आम्ही दोनदा समजावायला गेलो, दोन्ही वेळा चहा मिळाला, उत्तर मिळालं नाही. अलाहाबादच्या त्रिपाठींवर बोट ठेवताना हा चहा आमच्या घशात अडकतो.

देशात आंतरजातीय लग्नांचं प्रमाण सुमारे ५ टक्के, असं २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आढळलं होतं. त्या पाचातले काही आपल्या गल्लीत राहतात. त्यांच्या घरात फक्त रडारड चालते का? चर्चा इथे आली तेव्हा नर्सिंगच्या मुलीने तिच्या चुलतभावाची गोष्ट सांगितली. तिच्या परवानगीने, नावं गाळून, इथे देतो.

भाऊ ताडीवाला रोडचा, मुलगी कोथरूडची. दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मुलीच्या घरून अकरा महिने कुणी फिरकलं नाही. मग एक दिवस आईचा फोन आला, रविवारी येते. इकडे सासूबाईंची धांदल उडाली. पहिल्यांदाच येणार, त्यातून त्यांचं सोवळं. मटणाचा विषय नको, मच्छीची भांडी वर टाका, शेजारच्यांना सांगा आज सुकट भाजू नका. शनिवारी रात्री पुरण शिजवलं. पोळ्या लाटता लाटता दोन फाटल्या, त्या नातवंडांनी खाल्ल्या. भांडी नवी आणली. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो काढावा का, असं कुणीतरी म्हणालं. सासूबाई म्हणाल्या, फोटो हलला तर मी हलेन. फोटो राहिला.

तिकडे कोथरूडला आईची वेगळीच तयारी चालली होती. लेकीच्या सासरी गेल्यावर ते मटण वाढणार, नाही म्हटलं तर पोरीचा अपमान होणार. आयुष्यात कधी खाल्लेलं नाही. म्हणून बाईंनी तीन आठवडे आधी, घरात कुणाला न सांगता, ओळखीच्या बाईंकडे जाऊन रस्सा खायचा सराव केला. पहिल्या दिवशी उलटी झाली. तिसऱ्या खेपेला हाड चोखलं.

रविवारी ताट आलं. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडई, भजी. आईंनी ताटाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे पाहिलं. एक पोळी खाल्ली. मग लेकीच्या कानात विचारलं, "हेच आहे का? तुमच्याकडे ते करत नाहीत का?" लेकीला कळेना. सासूबाईंना वाटलं काहीतरी चुकलं, तूप कमी पडलं. शेवटी आईंना सांगावंच लागलं, आणि सगळं घर इतकं हसलं की शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

वर्गात 'अय्या'ला झाला नव्हता एवढा हशा झाला. कुणीतरी विचारलं, मग पुढे? पुढे भाऊ पिशवी घेऊन मटण आणायला पळाला, जेवण संध्याकाळी सातला पुन्हा झालं. आई निघताना सासूबाईंनी रस्सा डब्यात भरून दिला. आईंनी तो पिशवीत तळाशी ठेवला, वर पुरणपोळ्या ठेवल्या. वडील अजून आलेले नाहीत.